संगणकीय परवानग्या आणि आज्ञावलीचे प्रतिष्ठापन : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : परवानगी, प्रवेशनियंत्रण यादी, रजिस्ट्री, इन्स्टॉलर, विंडोज एनटी, किमान अधिकाराचे तत्त्व

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रांचा वेग, त्यांची स्मृतिक्षमता आणि त्यांचे निर्माते यांच्याभोवती फिरते. एखादी आज्ञावली संगणकावर बसवली जाते त्या काही मिनिटांकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः त्या अवधीत बरेच काही ठरून जाते. नव्याने आलेली फाइल कोणी वाचावी, कोणते फोल्डर कोणी बदलावे, रजिस्ट्रीतील कोणती नोंद कोणी पुसावी याचा निर्णय त्याच वेळी होतो. हा निर्णय घेणारी व्यक्ती त्या संगणकाची मालक नसते आणि त्याच्या कार्यप्रणालीची रचनाकारही नसते. इन्स्टॉलर बांधणारा तंत्रज्ञ दूर कोठेतरी बसून तो घेतो आणि ‘पुढे’ या बटणावर टिचकी मारणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

विंडोज या कार्यप्रणालीच्या एनटी शाखेत परवानग्यांची अत्यंत सूक्ष्म व्यवस्था 1993 सालीच सिद्ध झाली होती. सामान्य वापरकर्त्याच्या संगणकावर ती खऱ्या अर्थाने लागू होण्यास मात्र जवळजवळ दीड दशक लागले. या विलंबाची कारणमीमांसा करताना व्यापार, सवय, जुन्या आज्ञावलींचे ओझे असे अनेक घटक पुढे येतात. परंतु त्या सर्वांची गाठ इन्स्टॉलरपाशी पडते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

परवानगीच्या कल्पनेचा उगम

एकच यंत्र अनेकांनी वापरण्यास प्रारंभ केल्यावर परवानगीचा प्रश्न निर्माण झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत 1961 साली सीटीएसएस ही कालविभाजन पद्धतीची प्रणाली प्रथम दाखवण्यात आली. या प्रणालीच्या बाबतीत घडलेला एक प्रसंग तिचे प्रमुख फर्नांडो कॉर्बातो यांनी पुढे आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला आहे. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन वेगवेगळ्या फाइलींचे संपादन करीत होते. संपादक-आज्ञावली दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरत असे. परिणामी फाइलींची अदलाबदल झाली आणि त्यानंतर यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या संकेतशब्दांची यादी दिसू लागली. या प्रसंगात कोणी चोरी केली नव्हती. एका सामायिक जागी दोघांना एकाच नावाने लिहिण्याची मुभा होती, एवढेच कारण पुरेसे ठरले. चार दशकांनंतर इन्स्टॉलरांच्या बाबतीत जे दोष आढळले त्यांचे मूळ रूप येथे दिसते.

सीटीएसएसच्या अनुभवातून मल्टिक्सचा आराखडा तयार झाला. या आराखड्यातील फाइलव्यवस्थेविषयी डेली आणि न्यूमन यांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रत्येक फाइलीसोबत कोणाला काय करता येईल याची यादी ठेवण्याची कल्पना मांडलेली आहे. पुढे ‘प्रवेशनियंत्रण यादी’ या नावाने रूढ झालेली संकल्पना ती हीच. बेल प्रयोगशाळेने 1969 साली मल्टिक्समधून अंग काढून घेतल्यानंतर तेथे जन्मलेल्या युनिक्सने मात्र यादीचा पसारा टाळून थोड्या खुणांवर काम भागवले. आरंभीच्या 1971 च्या आवृत्तीत मालक आणि इतर असा दुहेरीच भेद होता. मालक, गट व इतर ही सुपरिचित त्रयी नंतरची. एखादी आज्ञावली चालवणाऱ्याला तेवढ्यापुरता तिच्या मालकाचा अधिकार देणारी ‘सेट-यूआयडी’ ही युक्ती डेनिस रिची यांची. तिचे पेटंट 1979 साली मंजूर झाले.

या विषयाचे तात्त्विक अधिष्ठान 1975 साली सॉल्ट्झर व श्रोडर यांच्या निबंधाने घातले. त्यांनी संरक्षणाची आठ तत्त्वे सांगितली. त्यांपैकी दोन तत्त्वे येथे महत्त्वाची आहेत. पहिल्यानुसार प्रत्येक घटकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. दुसऱ्यानुसार मूळ स्थिती नकाराची असावी आणि परवानगी स्पष्टपणे दिली तरच मिळावी. तत्त्व म्हणून याला विरोध करणारा कोणी भेटत नाही. व्यवहारात मात्र याच्या नेमके उलट घडत गेले.

एकट्याच्या यंत्राचा कालखंड

1981 साली आलेल्या एमएस-डॉसपुढे अनेक वापरकर्त्यांचा प्रश्नच नव्हता. त्याच्या एफएटी या फाइलपद्धतीत ‘केवळ वाचनासाठी’, ‘लपवलेली’ अशा काही खुणा होत्या. परंतु त्या कोणीही काढू शकत असे. विंडोज 95 व 98 यांनी हाच वारसा पुढे चालवला. रजिस्ट्री 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये मर्यादित स्वरूपात आली आणि विंडोज 95 पासून ती सर्व मांडणीचे केंद्र बनली. तीही सर्वांना खुली होती. या काळातील इन्स्टॉलर म्हणजे फाइली योग्य जागी नेऊन ठेवणारा हमाल होता, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

या कालखंडात घडलेल्या पिढीच्या सवयी पुढील इतिहास समजण्यासाठी ध्यानात घ्याव्या लागतात. आज्ञावली लिहिणारे तिच्या मांडणीची फाइल तिच्याच फोल्डरमध्ये ठेवत. वापरकर्त्याने निवडलेला रंगही संपूर्ण यंत्राच्या रजिस्ट्रीत लिहिला जाई. एकट्या माणसाच्या यंत्रावर यात काही बिघडत नव्हते.

एनटी : कागदावरील व्यवस्था

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधून 1988 साली मायक्रोसॉफ्टमध्ये आलेल्या डेव्हिड कटलर यांच्या नेतृत्वाखाली विंडोज एनटी तयार झाली. तिची पहिली आवृत्ती जुलै 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. या प्रणालीत फाइल, फोल्डर, रजिस्ट्रीची कळ, सेवा अशा प्रत्येक वस्तूला एक सुरक्षा-वर्णन जोडलेले असते. त्यात मालकाची ओळख आणि परवानग्यांची यादी असते. यादीतील प्रत्येक नोंद एका व्यक्तीला वा गटाला विशिष्ट कृतीची मुभा देते किंवा नाकारते. या रचनेतील एक बारकावा उल्लेखनीय आहे. यादी आहे पण रिकामी आहे, याचा अर्थ कोणालाही प्रवेश नाही. यादीच नाही, याचा अर्थ सर्वांना सर्व काही मोकळे. दिसायला सारख्या वाटणाऱ्या या दोन स्थितींचे परिणाम परस्परविरुद्ध आहेत आणि घाईत असलेल्या आज्ञावलीकाराला दुसरी स्थिती फार सोयीची वाटे.

एनटीच्या 3.5 या आवृत्तीला 1995 साली अमेरिकी शासनाच्या निकषांनुसार सी-2 ही सुरक्षाश्रेणी मिळाली. तरीही एनटी 4.0 आणि विंडोज 2000 यांत डिस्कच्या मुळाशी ‘एव्हरीवन’ या गटाला संपूर्ण नियंत्रण असे. त्या मुळाखाली कोणी नवे फोल्डर केले की तीच मोकळीक त्यालाही लाभे. नकार ही मूळ स्थिती असावी हे 1975 चे तत्त्व येथे पूर्णतः उलटे झालेले दिसते.

फेब्रुवारी 2000 मध्ये आलेल्या विंडोज 2000 ने ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरवर आणि संपूर्ण यंत्राच्या रजिस्ट्रीवर सामान्य वापरकर्त्याला लिहिण्यास मनाई केली. त्याबरोबर जुन्या आज्ञावली बंद पडू लागल्या. त्यांच्यासाठी ‘पॉवर यूजर्स’ हा मधला गट राखण्यात आला आणि परवानग्या पुन्हा सैल करणारा एक तयार साचाही देण्यात आला. कुलूप आणि ते उघडण्याचे साधन एकाच पेटीतून ग्राहकापर्यंत पोहोचले. पुढे ऑक्टोबर 2001 च्या एक्सपीने डिस्कच्या मुळावरील मोकळीक आटोक्यात आणली. पण तिच्या घरगुती आवृत्तीत प्रथम मांडणीच्या वेळी निर्माण होणारी खाती प्रशासकाचीच असत.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांना या बदलाची झळ एका वेगळ्याच मार्गाने लागली. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या स्वतःच्या फाँटांवर अवलंबून होता. तो फाँट त्या यंत्रावर नसेल तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा गुंता दिसे. विंडोज 98 वर फाँट कोणीही बसवू शकत असे. एनटी घराण्यात मात्र फाँटांचे फोल्डर संरक्षित असल्याने सामान्य खात्याला ती सोय राहिली नाही. आपल्यापुरता फाँट बसवण्याची सोय विंडोज 10 च्या 1809 या आवृत्तीत, म्हणजे 2018 साली आली. तोवर मराठी युनिकोडकडे बरीच वळलेली होती. मधल्या काळात एक मराठी पत्र उघडण्यासाठी एकतर प्रशासकाला बोलवावे लागे किंवा सर्वांनाच प्रशासक करून टाकावे लागे. दुसरा मार्ग सोपा होता, हे सांगणे नलगे.

परवानग्यांचे कोष्टक

आता मुख्य विषयाकडे वळता येईल. मायक्रोसॉफ्टने ऑफिस 2000 सोबत 1999 साली ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही सेवा प्रथम दिली. ‘डार्विन’ हे तिचे विकासकाळातील सांकेतिक नाव होते. तोवर प्रत्येक कंपनीचा इन्स्टॉलर ही एक स्वतंत्र आज्ञावली असे आणि ती काय करील हे चालवल्याशिवाय कळत नसे. नव्या पद्धतीत पॅकेज म्हणजे एमएसआय या स्वरूपातील एक छोटा संबंधाधिष्ठित माहितीकोश झाला. फाइली, फोल्डर, रजिस्ट्रीच्या नोंदी, सेवा या प्रत्येकासाठी त्यात एकेक कोष्टक असते. कृतीचे वर्णन लिहून द्यावे आणि कृती यंत्रावरील सेवेने करावी, ही ती कल्पना होय. ही सेवा संपूर्ण यंत्राच्या अधिकाराने काम करते. म्हणूनच पॅकेजमध्ये लिहिलेल्या एका ओळीला एवढे वजन प्राप्त होते.

परवानग्यांसाठी या कोशात ‘लॉकपरमिशन्स’ नावाचे कोष्टक होते. वस्तूचे नाव, ती कोणत्या कोष्टकातील आहे, डोमेन, वापरकर्ता आणि परवानगी असे त्याचे पाच स्तंभ. परवानगी आकड्यात लिहावी लागे. 268435456 हा आकडा लिहिला की संपूर्ण नियंत्रण दिले जाई. हा आकडा पाहून त्यामागील अर्थ ध्यानात येणारा तपासनीस विरळाच.

परंतु आकडा ही किरकोळ अडचण होती. या कोष्टकाची खरी मर्यादा त्याच्या वर्तनात होती. ते आधीच्या यादीत भर घालत नसे. ती यादी काढून तिच्या जागी आपली यादी ठेवत असे. एखाद्या फोल्डरवर सामान्य वापरकर्त्यांना लिहिण्याची मुभा द्यावी म्हणून तंत्रज्ञाने एकच ओळ लिहिली, तर प्रशासक आणि प्रणाली यांच्या नोंदी त्या फोल्डरवरून नाहीशा होत. वरच्या फोल्डरकडून येणारा वारसा तुटे. नकाराची नोंद करण्याची सोयही नव्हती. म्हणजे सर्व गटांची संपूर्ण यादी स्वतः अचूक लिहा, अन्यथा कोष्टक वापरू नका, असा हा पेच होता.

त्यात भाषेचा प्रश्न मिसळला. वापरकर्त्यांच्या स्तंभात गटाचे नाव लिहावे लागे; पण विंडोजच्या जर्मन आवृत्तीत ‘यूजर्स’ या गटाचे नाव ‘बेनुट्झर’ आणि फ्रेंच आवृत्तीत ‘युटिलिझातर’ असे होते. ‘एव्हरीवन’ आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ ही दोन नावे इंग्रजीत लिहिली तरी चालतील एवढीच सवलत विंडोज इन्स्टॉलरने दिली होती. याचा परिणाम विचार करण्यासारखा आहे. जगभर चालेल असे पॅकेज बांधू पाहणाऱ्यापुढे खात्रीची दोनच नावे उरली. त्यांपैकी प्रशासकाला परवानगीची अडचण क्वचितच असते; मग राहिला तो ‘एव्हरीवन’. अनेक पॅकेजांत ‘एव्हरीवनला संपूर्ण नियंत्रण’ ही ओळ दिसते तेव्हा तिचे खापर केवळ तंत्रज्ञाच्या आळसावर फोडणे अन्यायाचे होईल. साधनाच्या व्याकरणातच ती वाट आखलेली होती.

विंडोजच्या गाभ्यात या प्रश्नाचे उत्तर मुळातच होते. प्रत्येक गटाला भाषेवर अवलंबून नसलेला क्रमांक असतो. सामान्य वापरकर्त्यांच्या गटाचा क्रमांक एस-1-5-32-545 आणि प्रशासकांच्या गटाचा एस-1-5-32-544. जर्मन असो वा फ्रेंच, तो बदलत नाही. विंडोज 2000 पासून सुरक्षा-वर्णन मजकुराच्या रूपात लिहिण्याची एसडीडीएल ही लघुभाषाही उपलब्ध होती. तिच्यात प्रशासकांसाठी ‘बीए’, सामान्य वापरकर्त्यांसाठी ‘बीयू’ आणि सर्वांसाठी ‘डब्ल्यूडी’ अशी दोन-दोन अक्षरे पुरतात. एसडीडीएल समजणारे ‘एमएसआयलॉकपरमिशन्सएक्स’ हे कोष्टक मात्र विंडोज इन्स्टॉलरच्या 5.0 या आवृत्तीत, म्हणजे विंडोज 7 बरोबर 2009 साली आले. एकाच कंपनीच्या एका विभागापासून दुसऱ्या विभागापर्यंतचा हा प्रवास नऊ वर्षांचा आहे. दोन्ही कोष्टके एकाच पॅकेजमध्ये असू नयेत असा नियम असून ती आढळल्यास 1941 क्रमांकाची त्रुटी दाखवून काम थांबते.

पळवाटा आणि त्यांची किंमत

मधल्या नऊ वर्षांत काम अडून राहिले नाही. एनटीबरोबर येणारी ‘केकल्स’ ही छोटी आज्ञा इन्स्टॉलरच्या अखेरीस चालवण्याचा प्रघात पडला. तिला ‘संपादन’ अशी स्पष्ट खूण दिली नाही तर तीही जुनी यादी पुसून नवी लिहीत असे. त्यापूर्वी ती ‘तुमची खात्री आहे का?’ असा प्रश्न विचारी. इन्स्टॉलर चालू असताना उत्तर द्यायला कोणी हजर नसल्याने ‘होय’ या अर्थाचे ‘वाय’ हे अक्षर तिला परस्पर पुरवण्याची क्लृप्ती सर्वत्र वापरली गेली. सावधगिरीसाठी ठेवलेला प्रश्न अशा रीतीने केवळ सोपस्कार होऊन बसला.

एप्रिल 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टने रॉब मेन्शिंग यांनी घडवलेले ‘विक्स’ हे पॅकेज बांधण्याचे साधन मुक्तस्रोत परवान्याखाली खुले केले. तोवर अशा परवान्याखाली काही देणे त्या कंपनीच्या प्रकृतीत बसणारे नव्हते. त्यामुळे या घटनेला स्वतंत्र महत्त्व आहे. विक्सच्या एका जोड-घटकाने जुनी यादी राखून तीत भर घालण्याची सोय दिली. नंतर विंडोज 7 च्या नव्या कोष्टकासाठी विक्सने जो घटक दिला त्याचे नावही ‘परमिशनएक्स’ हेच ठेवले. एक भर घालतो, दुसरा एसडीडीएलमध्ये लिहिलेले संपूर्ण वर्णन मागतो, नाव एकच. नवख्या तंत्रज्ञाची येथे होणारी फसगत सहज समजू शकते.

सैल परवानगीची किंमत कशी मोजावी लागते हे एका सर्वसाधारण उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या आज्ञावलीची सेवा संपूर्ण यंत्राच्या अधिकाराने पार्श्वभूमीवर चालते आणि तिची फाइल असलेल्या फोल्डरवर इन्स्टॉलरने सर्वांना लिहिण्याची मुभा दिलेली आहे. प्रयोगशाळेतील कोणताही विद्यार्थी त्या फाइलीचे नाव बदलून तिच्या जागी आपली फाइल ठेवू शकतो. यंत्र पुन्हा सुरू झाले की त्याची फाइल संपूर्ण अधिकाराने चालते. त्यासाठी संकेतशब्द फोडावा लागत नाही, कार्यप्रणालीतील दोषही शोधावा लागत नाही. रजिस्ट्रीत सेवेचा मार्ग नोंदवलेली कळ सैल असेल तर फाइलीलाही हात लावण्याची गरज उरत नाही. सुरक्षादोषांच्या सीडब्ल्यूई या सार्वजनिक वर्गीकरणात 276 या क्रमांकाचा दोष प्रतिष्ठापनाच्या वेळी दिलेल्या अशा चुकीच्या मूळ परवानग्यांसाठीच आहे. त्याच वर्गीकरणातील 732 हा व्यापक प्रकार 2009 आणि 2011 या वर्षांच्या पंचवीस गंभीर दोषांच्या यादीत समाविष्ट होता.

व्हिस्टा आणि त्यानंतर

बिल गेट्स यांनी जानेवारी 2002 मध्ये कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात विश्वासार्हतेला सर्वोच्च स्थान देण्याचे जाहीर केले. त्याचे दृश्य फळ जानेवारी 2007 मध्ये सर्वसामान्यांसाठी आलेल्या व्हिस्टात दिसले. आता प्रशासकाचे खातेही सामान्य अधिकाराने चाले आणि गरज पडेल तेव्हा संमती मागे. कोणती आज्ञावली इन्स्टॉलर आहे हे ओळखण्यासाठी व्हिस्टा फाइलीच्या नावात ‘सेटअप’, ‘इन्स्टॉल’, ‘अपडेट’ असे शब्द आहेत का हेही पाहत असे. उपाय गावठी असला तरी तो काम करून गेला.

जुन्या सवयींसाठी व्हिस्टाने केलेली तडजोड अधिक मनोरंजक आहे. सामान्य अधिकाराने चालणारी जुनी आज्ञावली ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू लागली की तिला नकार न देता तिचे लेखन गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये वळवले जाई. रजिस्ट्रीचेही तसेच. आज्ञावलीला वाटे आपण मूळ जागीच लिहिले. एकाच यंत्रावरील दोघांना एकाच फाइलीचे दोन निराळे मजकूर दिसण्याचा विचित्र प्रकार यातून उद्भवला. तरीही ‘एव्हरीवन’च्या ओळीपेक्षा हा भ्रम कमी धोक्याचा होता, असे मानण्यास जागा आहे.

दुसरी वाट परवानगीचा प्रश्नच टाळणारी होती. सप्टेंबर 2008 मध्ये आलेला गूगलचा क्रोम हा ब्राउझर थेट वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसला. त्याला प्रशासकाची संमती लागली नाही. वापरकर्त्याला हे सुखाचे वाटले, प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांना नाही. 2018 साली पुढे आलेल्या एमएसआयएक्स या पॅकेजप्रकारात आज्ञावली बंदिस्त फोल्डरमध्ये राहते आणि तिची परवानगी ठरवण्याचे काम तंत्रज्ञाच्या हातून बव्हंशी काढून घेतले जाते.

लिनक्सच्या जगात हा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. डेबियनच्या धोरणानुसार पॅकेजमधील फाइली सर्वसाधारणपणे ‘रूट’च्या मालकीच्या आणि 644 वा 755 या परवानगीच्या असाव्या लागतात. यंत्राच्या स्थानिक प्रशासकाने त्यात बदल करून तो ‘डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड’ या साधनाद्वारे नोंदवला तर पॅकेजची नवी आवृत्ती आली तरी तो टिकतो. पॅकेज बांधणारा आणि यंत्र सांभाळणारा यांच्यात मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा, याचे हे लिखित उत्तर आहे. विंडोज इन्स्टॉलरमध्ये असे उत्तर नाही. तेथे दुरुस्ती वा पुनःप्रतिष्ठापन झाले की पॅकेजमधील कोष्टक पुन्हा लागू होऊ शकते आणि प्रशासकाने मधल्या काळात केलेली सुधारणा पुसली जाऊ शकते. आज्ञावली काढून टाकल्यावरही तिच्या फोल्डरमध्ये वापरकर्त्याची एखादी फाइल उरली असेल तर ते फोल्डर मागे राहते. आधीच्या परवानग्या त्यावर परत येत नाहीत. पॅकेजने लिहिलेली यादीच त्यावर राहते.